खांद्यापासून कानापर्यंत साडेबारा सेंटिमीटर

गेल्या दीड वर्षात माझ्या डोक्याखालून सहा उशा गेल्या. त्यातल्या पहिल्या तीन मी झोपेतल्या श्वासाची टेस्ट करायच्या आधीच घेतल्या होत्या आणि तिथंच माझं एक अख्खं वर्ष गेलं, म्हणून म्हटलं हे एकदा सगळं सविस्तर लिहून काढावं, कुणीतरी आत्ता माझ्यासारखंच रात्री अकरा वाजता मोबाईलवर "घोरण्यासाठी उशी" असं शोधत बसलं असेल त्याला तरी उपयोग होईल.

मी मिरजेची, वय ५१, हायस्कूलला मराठी आणि भूगोल शिकवते. त्रास नेमका कधी सुरू झाला ते नाही सांगता येणार, पण पाळी बंद झाल्यावर वर्षभरात वाढला हे नक्की. सकाळी उठलं की डोकं जड, तोंडाला अशी कोरड की जीभ टाळूला चिकटलेली, रात्रीतून तीन तीनदा लघवीला उठणं, आणि दुपारी पेपर तपासताना बसल्या बसल्या डोळा लागायचा. सहामाहीच्या पेपरात एका मुलीच्या उत्तरावर माझ्या लाल पेनाची लांब रेघ ओढली गेली, ती बिचारी विचारायला आली की बाई माझं हे उत्तर पूर्ण चुकलंय का, उत्तर बरोबर होतं, मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी. बीपीच्या दोन गोळ्या चालू असून वरचा आकडा १५० च्या खाली येत नव्हता. शुगर झाली, थायरॉईड झालं, हिमोग्लोबिन झालं. घोरण्याचं मात्र मी एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. बाईमाणसानं घोरायचं नसतं असं आपल्याकडे आहे ना, पुरुष घोरला तर दमलाय बिचारा म्हणतात आणि बाई घोरली की सगळं घर हसतं, त्यामुळे लग्नकार्याला कुणाकडे गेलं की मी मुद्दाम सगळ्यांच्या नंतर आडवी व्हायचे. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांचं निदान याच लाजेपायी अडकून राहत असेल असं मला आता मनापासून वाटतं.

तर उशा. आमच्या एका नातेवाईकांनी सांगितलं की उशी उंच घे, घोरणं थांबतं, म्हणून पहिली घेतली ती फायबरची, चांगली टम्म फुगलेली, कडक. आठ दिवसात मान धरली. मग मान धरली म्हणून दुसरी घेतली, मेमरी फोमची, मधे खोलगट आणि दोन्ही बाजूंनी उंचवटा असलेली. हा फोम मुळात १९६६ साली नासासाठी विमानातल्या सीटकरता तयार केलेला, त्याला ऊब लागली की मऊ पडतो आणि गारठ्यात घट्ट होतो, दुकानात एसीमध्ये हात दाबून बघितला तेव्हा छान वाटला पण आमच्याकडच्या एप्रिलमध्ये रात्री डोकं त्यात रुतून बसायचं, कानशिलं घामेजायची, आणि पहिले पंधरा दिवस तर त्याचा वास जाता जात नव्हता. तिसरी ऑनलाइन मागवली, २,६०० रुपये, फोटोत "घोरणं बंद" असं मोठ्या अक्षरात. ती उघडून वापरली म्हणून परत घेतली नाही, हायजिनचं कारण दिलं. आता कळतं की घेण्याआधी परतीचा नियम वाचायला हवा होता, काही ठिकाणी महिनाभर वापरून परत करता येते, काही ठिकाणी सील काढलं की संपलं.

दिवाळीला लेक पुण्याहून आली आणि माझ्या खोलीत झोपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "आई, तू घोरतेस त्याचं मला काहीच नाही गं, पण तू मधेच थांबतेस." तिनं रात्री मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. मी ऐकलं. घर्र घर्र चालू आहे, मग एकदम शांत, पंख्याचा आवाज तेवढा येतोय, आणि त्या शांततेत लेकीचा हळू आवाज, एकोणीस, वीस, एकवीस, ती सेकंद मोजत होती, आणि मग पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा माझा मोठा श्वास. आमचे हे तिथेच बसले होते, त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना घोरणं वर्षानुवर्षं माहीत होतं, थांबणं माहीत नव्हतं, घोरणं थांबलं की त्यांना वाटायचं आता हिला शांत झोप लागली.

त्याच आठवड्यात छातीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी एक आठ प्रश्नांचा कागद भरून घेतला, टीव्ही बघताना डुलकी लागते का, गाडीत बसल्यावर लागते का वगैरे, २४ पैकी मार्क, १० च्या वर म्हणजे दिवसाची झोप जास्त, माझे १५ आले. मानेचा घेर टेपने मोजला, आ करायला लावून घसा बघितला, आणि घरीच करायची स्लीप टेस्ट दिली. छातीला पट्टा, नाकात बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचं ते चिमट्यासारखं, एवढं लावून एक रात्र झोपायचं. मला वाटलं होतं झोपच लागणार नाही पण लागली.

रिपोर्ट मात्र मी पाठ केलाय. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा. एएचआय २१. म्हणजे झोपेच्या दर तासाला २१ वेळा माझा श्वास थांबत होता किंवा फार कमी पडत होता, आणि प्रत्येक वेळ कमीत कमी १० सेकंदांची. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. ऑक्सिजन एकदा ८१ पर्यंत उतरला होता. पण मॅडमनी पेनाने गोल केला तो खालच्या दोन आकड्यांना: पाठीवर झोपल्यावर ३६, कुशीवर झोपल्यावर ८. रात्रीचा जवळजवळ अर्धा वेळ मी पाठीवर होते. पाठीवरचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा जास्त असला की त्याला पोझिशनल म्हणतात, माझा तर चौपटीच्या वर. पाठीवर झोपलं की जीभ आणि पडजिभेकडचा मऊ भाग मागे घशात येतो, आणि झोपेत तिथले स्नायू सैल असतात म्हणून वाट बंद होते.

मी त्यांना उशांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता बसल्या बसल्याच हनुवटी छातीला लावा आणि नाकानं खोल श्वास घ्या. घेतला, घशात अडकल्यासारखं झालं. आता मान सरळ करून घ्या. मोकळा. माझ्या डोळ्यासमोर एकदम आमच्या शाळेतलं प्रथमोपचाराचं शिबिर आलं, बेशुद्ध माणसाचं डोकं मागे करून हनुवटी वर उचला म्हणजे श्वासाची वाट उघडते, हे मी स्वतः मुलींना इतकी वर्षं शिकवतेय, आणि रात्री मात्र टम्म उंच उशीनं माझीच हनुवटी छातीकडे ढकलत होते. उंच उशीनं घोरणं कमी होण्याऐवजी वाढलं असणार, कमीत कमी पाठीवर झोपताना तरी.

त्यांनी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली आणि ती मीही तशीच सांगते. एएचआय २१, बीपी आटोक्यात नाही, दुपारी स्कूटरवर डोळे मिटतात, म्हणजे सीपॅप मशीन, झोपेत मास्कमधून दाबानं हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं, ते लागणारच. उशीनं हा आजार बरा होत नाही. उशीचं काम दोन, मी कुशीवर राहावं आणि मान सरळ राहावी. नंतर मशीन आल्यावर तिसरं काम निघालं ते पुढे सांगते.

मशीन यायला तीन आठवडे लागणार होते, तेवढ्यात कुशीवर झोपायची सवय लावायची ठरवली. ऐकलं होतं की नाईट ड्रेसच्या पाठीला चेंडू शिवतात म्हणजे उताणं झालं की टोचतं. जुन्या कुर्त्याला मधोमध खिसा शिवून रबरी चेंडू घातला. चौथ्या रात्री काढला, पाठीला काळंनिळं झालं आणि टोचून जाग येत होती ती पुन्हा लवकर लागत नव्हती. मग सापडला तो घरातलाच लोड. सासूबाईंच्या बैठकीतला, भरीव, कापसाचा, हाताला घट्ट लागणारा. तो पाठीमागे लावून कंबरेपासून खांद्यापर्यंत टेकवला की मी मागे वळायला गेले तरी अर्ध्यातच अडते, आणि टोचत काही नाही, उलट कुणीतरी पाठीशी बसल्यासारखं वाटतं. गुडघ्यांच्या मधे एक पातळ उशी, नाहीतर वरचा पाय पुढे पडतो आणि कंबर पिळते. आणि छातीशी धरायला एक मऊ छोटी, त्यानं वरचा हात टेकतो, खालच्या खांद्यावरचा भार कमी होतो. पहिल्या आठवड्यात डावा खांदा खूप दुखला होता, तो या छोट्या उशीनं थांबला.

मधेच चौथी उशीही घेऊन झाली, उतरती, म्हणजे वेज म्हणतात ती, सात इंच उंच. मला ॲसिडिटी होती ती या उशीनं खरंच कमी झाली, त्यामुळे ज्यांना रात्री आंबट वर येतं त्यांनी तिचा विचार जरूर करावा. पण त्या उतारावर मी आपोआप पाठीवरच झोपायचे आणि पहाटेपर्यंत घसरत घसरत खाली यायचे, डोकं उताराच्या पायथ्याशी आणि मान वाकडी. वेज घेतली तर ती डोक्याखाली नाही, पाठीच्या मध्यापासून लागली पाहिजे, म्हणजे लांबीला चांगली मोठी पाहिजे. माझी आखूड होती. आता ती यांच्याकडे आहे, पेपर वाचायला टेकून बसतात.

आता मापाचं. हे मला कुठल्याही दुकानात कुणी सांगितलं नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. कुशीवर झोपल्यावर कान आणि गादी यांच्यात जी पोकळी राहते तेवढीच उशी हवी. जास्त झाली की मान वर मोडते, कमी झाली की खाली लोंबते. मी भिंतीला खांदा टेकवून ताठ उभी राहिले आणि यांनी माझी शाळेची पट्टी घेऊन भिंतीपासून कानापर्यंत मोजलं. साडेबारा सेंटिमीटर. पण आडवं झाल्यावर खांदा गादीत थोडा रुततो. आमची काथ्याची गादी, कडक, त्यात फार तर दोन सेंटिमीटर रुतत असेल. म्हणजे मला डोकं ठेवल्यावर दबून साडेदहा उरेल अशी उशी पाहिजे. मऊ फोमची गादी असेल तर खांदा जास्त जातो, उशी आणखी पातळ लागेल. म्हणून दुसऱ्याला बसलेली उशी आपल्याला बसेलच असं नाही, आमच्या ह्यांचं माप सोळा आलं.

विकत घ्यायच्या आधी आम्ही चादरींवर करून बघितलं. चादर चौकोनी घडी करून एकावर एक ठेवायची, मी कुशीवर झोपायचं, आणि हे मागून माझ्या डोक्याच्या मध्यापासून माकडहाडापर्यंत दोरा धरायचे. दोरा आणि पाठीचा कणा एका रेषेत आला की थांबायचं. एक घडी काढ, एक घाल, असं दोन रविवार चाललं होतं. आणि लगेच उठायचं नाही, दहा मिनिटं पडून राहायचं, कारण दहा मिनिटांनी उशी आणखी बसते. दुकानात दोन मिनिटं डोकं टेकवून जे कळतं ते काही खरं नाही. आम्ही ज्या घड्यांवर थांबलो त्यांची दबलेली उंची मोजली तर दहा आणि थोडी वर. म्हणजे भिंतीवरचं माप बरोबर होतं.

मग मशीन आलं, नाकावर बसणारा मास्क, आणि तिसरं काम निघालं. कुशीवर झोपलं की मास्कची खालची बाजू उशीत दाबली जाते, सरकते आणि तिथून हवा सूं सूं करत डोळ्यात जाते. सकाळी डोळे लाल. मशीनच्या स्क्रीनवर रोज लीक, म्हणजे मास्कमधून बाहेर निसटलेली हवा, दिसते, माझ्या मशीनला मिनिटाला २४ लिटर ही हद्द आहे, माझी पहिल्या आठवड्यात ३८ पर्यंत जायची, दोनदा झोपेतच मास्क काढून फेकलेला. मी मशीन परत करायच्या विचारात होते खरं सांगायचं तर. पण या स्क्रीनचा एक मोठा फायदा झाला, उशी चांगली की वाईट हे आता मला वाटण्यावर नव्हतं, रोज सकाळी आकडा समोर. एक उशी सलग पाच रात्री वापरायची आणि वहीत लिहायचं, एका रात्रीवरून ठरवायचं नाही, असा नियम केला.

पाचवी उशी खास सीपॅपवाल्यांसाठीची, दोन्ही बाजूंना खाचा असलेली, मास्क त्या खाचेत येतो आणि दबत नाही. कल्पना फार चांगली. लीक लगेच २० च्या आसपास आली. पण उंची दबून तेरा, फोम असल्यामुळे कमी करायची सोय नाही, आणि परत मान वर. सकाळी मानेची डावी शीर ओढल्यासारखी.

मग मी ती उशी आणि पट्टी घेऊन गादीवाल्या चाचांकडे गेले. आमच्या लग्नातल्या गाद्या त्यांच्याच वडिलांनी भरलेल्या. त्यांना मास्क काढून दाखवला, लावून दाखवला, त्यांच्या दुकानातल्या गादीवर कुशीवर झोपूनही दाखवलं. ते आधी म्हणाले, "ताई, उशी काय मापानं भरत्यात व्हय?" पण मग स्वतःच पट्टी घेतली. माझ्या मनात सावरीचा कापूस होता, कारण मऊ आणि हलका. चाचा म्हणाले नुसती सावर नको, ती गुळगुळीत, डोक्याखालून सरकून कडेला जाती आणि मधे खड्डा पडतो. नुसता साधा कापूस घेतला तर आकार धरतो पण चार महिन्यात गठुळ्या होतात. त्यांनी दोन्ही मिसळून पिंजले, सगळं नवं, मी जुन्या गादीतला कापूस नको म्हणून आधीच सांगितलं होतं कारण त्यात धूळ असते आणि माझं नाक चोंदलं की मशीनची हवा आतच जात नाही. आत एक पातळ खोळ, तिला चेन, म्हणजे मूठभर कापूस काढता घालता येईल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट रुंदीची. नेहमीची उशी सतरा इंच असते, त्यांनी चौदाच ठेवली, म्हणजे मी कडेला झोपले की गाल उशीवर आणि मास्क कडेच्या बाहेर हवेत. खाचा कापायची गरजच पडली नाही. चाचांनी हे स्वतः सुचवलं, मला नव्हतं सुचलं. भरायला ९०० ग्रॅम कापूस लागला, शिलाईसकट साडेचारशे रुपये झाले.

पहिल्या रात्री जरा उंच वाटली, दोन मुठी काढल्या. तिसऱ्या रात्री आणखी अर्धी. पाचव्या सकाळी स्क्रीनवर लीक ११, एएचआय २.८, आणि वापर सहा तास चाळीस मिनिटं. मी ह्यांना उठवून दाखवलं. त्या रात्री मी एकदाही लघवीला उठले नव्हते, हे मला आंघोळीला जाताना लक्षात आलं आणि तिथेच उभी राहून रडले.

कापसाची उशी म्हटल्यावर थोडी सेवा करावी लागते. दोन महिन्यात दीड सेंटिमीटर बसली, काढलेल्या मुठी परत घातल्या. दर रविवारी गच्चीवर ऊन, खोळ आठवड्याला धुवायची, वरून एक जाड अभ्रा. नळी डोक्याच्या वरून घेतली आहे, पलंगाच्या कडेला एका कापडी पट्टीत अडकवून, म्हणजे कुशी बदलताना ओढ बसत नाही.

चार महिन्यांनी मॅडमनी एक रात्र मशीन न लावता, फक्त लोड आणि ही उशी घेऊन परत टेस्ट करायला लावली. एएचआय ११. म्हणजे २१ वरून निम्म्याच्या जवळ आलं, पण नॉर्मल नाही, आणि पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत कुशीवर असूनही श्वास अडकत होताच. त्यामुळे मशीन चालू राहणार. गावाला वीज गेली, किंवा एका रात्रीसाठी मशीन नेता आलं नाही तर लोड आणि उशीवर भागवायचं, पण रोजच्याला नाही, असं त्यांनी सांगितलं. बीपी आता १३२ ला आहे, एक गोळी अर्धी केली, तीही त्यांनीच, मी माझ्या मनानं काही केलं नाही.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, चाचांना सांगून माझ्यासाठी पण तशीच एक भरून घे ना, मी पण हल्ली खूप घोरते." मी विचारलं मधे थांबतेस का. म्हणाली मला कसं कळणार. तिच्या मिस्टरांना फोन द्यायला लावला आणि सांगितलं की दोन रात्री जागून रेकॉर्ड करा, शांत झालं की सेकंद मोजा. काल त्यांनी पाठवलं, मी ऐकलं. शनिवारची मॅडमची वेळ घेतलीय तिच्यासाठी. चाचांना अजून काही बोलले नाहीये.